बंद घराचं इंटरनेट

"मॅडम, हा नंबर कोणाचा, तेवढंच सांगा. चहासुद्धा नको, लगेच निघतो."

पीएसआय शिंदे माझ्या टेबलासमोर उभे. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये एका कागदाचा फोटो आणि फोटोत आकड्यांची माळ. बसा म्हटलं तरी बसेनात. साताऱ्याकडचा तरणा माणूस, बोलायला मऊ.

"फोटोवरून नाही सांगता येत साहेब. पत्र लागेल. एसपी ऑफिसच्या मेलवरून, सहीचं."

"पत्र येईल हो मागून. आज तोंडी सांगा."

"मग नावही मागूनच येईल."

ते हसले. मी हसले नाही. आतल्या केबिनच्या काचेतून आमचे मोहनशेठ माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पोलिसांना नाही, त्यांच्या सासऱ्यांनाच परत पाठवतेय.

आमची कुडाळात इंटरनेटची छोटी कंपनी आहे. आमची म्हणजे मोहनशेठची, मी नोकर. शेठ पूर्वी केबल टीव्हीवाले. त्याच खांबांवरून आता फायबर जाते. मी नेटवर्क बघते, आणि त्याबरोबर नोडल ऑफिसर हे एक शेपूट मला चिकटलेलं आहे. पोलीस किंवा सरकार काही विचारायला आलं की उत्तर द्यायला जो माणूस नेमलेला असतो, तो नोडल ऑफिसर. आमच्या ऑफिसात हे काम कोणी घेईना. मग नेहमीप्रमाणे जी बाई 'नाही' म्हणायला वेळ लावते तिच्या गळ्यात पडलं.

ती आकड्यांची माळ म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. इंटरनेटवरचा तुमचा पत्ता. पण तो तुमच्या एकट्याचा नसतो. असे पत्ते थोडे आणि घरं फार, म्हणून आमच्यासारख्या कंपन्या एकाच पत्त्यावर पुष्कळ घरं बसवतात. आपल्याकडे पोस्टमन अख्ख्या वाडीची पत्रं एका दुकानात ठेवून जातो ना, तसंच. कुठलं पत्र कोणाच्या घरी गेलं हे दुकानदाराला ठाऊक असतं. इथे दुकानदार आम्ही. कुठल्या घरातून, कधी, कुठल्या साइटकडे वाट उघडली, याची नोंद आमच्या मशीनवर आपोआप होते. तिला लॉग म्हणतात. ती ठेवणं ही लायसन्सची अट आहे. ठेवली नाही तर कंपनीला कुलूप.

लोकांना यातलं काही माहीत नसतं. मोबाइलमधली हिस्टरी पुसली की झालं, असं त्यांना वाटतं. अहो, तुमचा मोबाइल विसरला, आम्ही कुठे विसरलो? तुम्ही आत काय लिहिलंत, काय पाहिलंत ते सहसा आम्हाला दिसत नाही. ते बघायचं तर गृहखात्याच्या मोठ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पण कोण, कधी आणि कुठे, एवढ्याला पोलिसांचं पत्र पुरतं. आणि खेडेगावात कोण, कधी आणि कुठे हे कळलं की 'काय' कळायला कितीसा वेळ लागतो?

शिंदे गेल्यावर शेठ बाहेर आले.

"गो ज्योती, कायदो शिकवूचो तर तुका आजच गावलो?"

"शेठ, पत्राशिवाय दिलं तर उद्या कंपनीवर येईल."

"आणि नाय दिला तर? आमचे निम्मे खांब त्येच्या गावात आसत."

'त्येच्या' म्हणजे कोणाच्या, ते मला कळलं. मालवण तालुक्यात खाडीकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथला वाळूचा ठेकेदार, तोच गावचा पुढारी, आणि पंचायतही त्याच्याच खिशात. फेसबुकवर 'खाडीकाठ' नावाचं एक पेज होतं. पहाटे खाडीत चाललेला वाळूउपसा, होड्या, डंपर, फुटलेला खारबांध, सगळ्याचे फोटो त्यावर पडायचे. खारबांध म्हणजे खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला बांध. वाळू उपसून उपसून त्याचा पाया गेला, बांध फुटला आणि कित्येकांची शेतं खारी झाली. पेज कोण चालवतं ते कोणालाच माहीत नव्हतं. ठेकेदाराने तक्रार दिली की माझी बदनामी होतेय, गावात तेढ वाढतेय. पोलिसांनी फेसबुकला विचारलं, फेसबुकने आयपी दिला, आणि आयपी आमचा निघाला.

मला वाटलं होतं, पत्राचं सांगितल्यावर प्रकरण चार दिवस तरी रेंगाळेल. मनातून वाटत होतं, पत्र येऊच नये. तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि मेल हजर. सही, शिक्का, तारीख, वेळ आणि पोर्ट नंबर, म्हणजे एका पत्त्यावरच्या घरांतलं नेमकं घर सांगणारा आकडा. सगळं नियमाप्रमाणे. आता मला बोलायला जागाच राहिली नाही. माझा सगळा जोर कागदावर होता, आणि कागद आला.

मी लॉग काढला. एकच घर पुन्हा पुन्हा येत होतं. ग्राहकाचं नाव सुहास परब.

ते वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं, कारण परबांचं घर बंद असतं. सुहास परब मुंबईला सरकारी नोकरीत. गावी येतात गणपतीला आणि मे महिन्यात. मग इंटरनेट कशाला? तर कॅमेऱ्याला. हल्ली आमचे निम्मे चाकरमानी हेच करतात. गावच्या बंद घरावर कॅमेरा लावतात आणि मुंबईत डबा खाताखाता मोबाइलवर आपलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बघतात. नारळ कोण पाडतो, हापूसला कोण हात लावतो, खळ्यात कोणाची गुरं शिरली. मग लगेच शेजारी फोन, "वैनी, तांबडी गाय इली हा, हाकला तिका!" वैनी बिचारी चुलीवरचा भात टाकून धावते.

घराची चावी अशा एखाद्या वैनीकडेच असते. ती झाडलोट करते, तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावते. बंद घरात दिवा लागला नाही तर आपल्याकडे बरं दिसत नाही. आणि चावी जिच्याकडे, वायफायचा पासवर्डही तिच्याकडेच. आमचे लाइनमन तर तो दाराच्या मागे खडूनेच लिहून येतात. मग अख्खी वाडी त्या ओट्यावर. कनेक्शन एकाच्या नावावर, वापरणारे पन्नास. आमच्या कागदांत मात्र एकच माणूस दिसतो, आणि तो त्या वेळी शेकडो किलोमीटर लांब असतो.

मी उत्तर लिहिलं. शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली: 'या नोंदीवरून घर कळते, वापरणारी व्यक्ती कळत नाही.' शेठ म्हणाले, "ही ओळ कित्याक? इचारला तितक्याच सांग." मी म्हटलं, ओळ राहणार, नाहीतर सही तुमची. ओळ राहिली.

परबांना मुंबईत पोलिसांचा फोन गेला. त्यांनी मला फोन केला आणि थेट अंगावरच आले.

"तुम्ही माझं इंटरनेट बघता? मी पैसे भरतो आणि तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?"

मी त्यांना दुकानदाराची गोष्ट सांगितली. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

"अहो मॅडम, मी सरकारी नोकर आहे! सरकारविरोधी पेज माझ्या नावावर निघालं तर उद्या सस्पेंड होईन. मुलीचं लग्न ठरलंय माझ्या."

"कनेक्शन तुमचं आहे म्हणजे पेज तुमचं असं होत नाही. तुम्ही त्या वेळी मुंबईत होता, एवढं सांगा. वकिलाला विचारा. घाबरून भलतंसलतं काही करू नका."

"तुम्हाला सांगायला काय जातंय!" म्हणाले आणि फोन ठेवला. तेही खरंच होतं.

मग राउटरचा पंचनामा निघाला. शिंदे, एक हवालदार आणि कंपनीतर्फे मी, असे जीपमधून गेलो. खाडीच्या उतारावर घर. वाडीत मोबाइलला रेंज नाही, डोंगर आडवा येतो. दार उघडायला शेजारची बाई आली, वैशाली परब. सुहासच्या चुलतभावाची बायको. गावच्या अंगणवाडीत सेविका. नवरा मालवणात टेम्पो चालवतो. तिने आधी खळ्यातल्या खुर्च्या पुसल्या, मग सगळ्यांना कोकम सरबत दिलं. पोलीस आले म्हणून घाबरलेली दिसली नाही. कदाचित घाबरून झालं असेल.

शिंदेंनी विचारलं, "या घरातलं वायफाय कोण वापरतं?"

"सगळीच वाडी. पोरांचो अभ्यास हयच, म्हाताऱ्यांचे व्हिडिओ कॉल हयच. माझा अंगणवाडीचा कामय हयच करतंय. पोरांका वजन करताना, खाऊ देताना फोटो काढूचे लागतत, ते सरकारच्या अ‍ॅपवर रोज चढवूचे लागतत. नाय चढवलंय तर म्हणतत काम नाय केलास."

"फोटो कसले, दाखवा."

तिने मोबाइल पुढे केला. मुलांच्या रांगा, वाटीत उसळ, वजनकाटा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागेचा पत्ता. अंगणवाडीच्या बायकांना तसेच फोटो काढायची सवय लावलेली आहे, नाहीतर वरचे साहेब विश्वास ठेवत नाहीत.

मी 'खाडीकाठ' पेज नीट पाहिलं होतं. त्यावरच्या होड्यांच्या आणि डंपरच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागेचा पत्ता होता, असाच, याच जागी.  बाई गं, मनात म्हटलं, सरकारनेच शिकवलं आणि तू शिकलीस. मी शिंदेंकडे पाहिलं. ते सरबताचा पेला ठेवायला जागा शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.  ते सांगणं माझं काम नव्हतं आणि कोणी मला विचारलंही नव्हतं.

राउटर काढायला मी आत गेले, तेव्हा ती मागोमाग आली. तिने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, आमी काय बगतो, काय लिवतो, ता तुमका दिसता?"

"काय लिहिता ते नाही दिसत. कधी आणि कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं."

ती म्हणाली, "मगे रवला काय?"

 तिला सावध करावं असं फार वाटलं. पण अशा तपासाबद्दल कोणाकडे अवाक्षर काढायचं नाही, अशी नोडल ऑफिसरवर सक्ती असते. तसं बोलले असते तर माझी नोकरी तर गेलीच असती, वर मीही त्याच केसमध्ये गेले असते. मी राउटर पिशवीत घातला आणि बाहेर आले.

परतताना शिंदे म्हणाले, "अख्खी वाडी वापरते म्हणजे कोणाला धरायचं? मॅडम, मला काय त्या वाळूत घर बांधायचंय? वरून फोन येतात म्हणून पळायचं. आता लिहितो, इसम निष्पन्न होत नाही. सुटलो." मलाही सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी पिंगुळीला घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, आज स्वारी खुशीत दिसते.

ती खुशी आठवडाभर टिकली. मग शिंदे परत आले. या वेळी बसले, चहाही घेतला. खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"परबांनी स्वतः पाठवलंय."

सुहास परबांचा कॅमेरा. खळ्यात कोणी हललं की तो चित्रण करतो आणि साठवतो. परबांनी कोणाचा सल्ला घेतला कोण जाणे, पण भीतीने माणसाची मती जाते. मी नाही हे सिद्ध करायला त्यांनी कोण आहे ते दाखवून दिलं. महिन्याभराच्या क्लिपा. बहुतेकींत तेच दृश्य: वैशाली येते, तुळशीकडे दिवा लावते, हात जोडते आणि मग ओट्यावर बसून मोबाइल उघडते. दुसरी माणसंही दिसतात, मुलं, म्हातारे. पण ते येऊनजाऊन. ती मात्र रोजची.

"यात काय आहे साहेब? ती अंगणवाडीचे फोटो चढवते."

"असेल. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमचा लॉग आणि या क्लिपा शेजारी ठेवा. पेजवर पोस्ट पडली त्या प्रत्येक वेळी ओट्यावर कोण होतं, तेवढं लिहून द्या. पत्र आणलंय सोबत."

पत्र नियमाप्रमाणे होतं.

मी दिवसभर ते काम केलं. एखादी तरी वेळ चुकावी, एखाद्या पोस्टच्या वेळी ओट्यावर दुसरं कोणी असावं, म्हणून परत परत बघितलं. एकीकडे माझ्या मशीनमधली वेळ, दुसरीकडे दिवा लावणारी ती. लोक म्हणतात सरकार सगळं बघतं. अहो, सरकारला घराच्या दारापर्यंतच यायला जमलं होतं. तिथून पुढे ओट्यापर्यंत त्याला नेलं ते घरच्याच माणसाने, नारळ राखायला लावलेल्या कॅमेऱ्याने. आणि शेवटची गाठ मी मारली. मला स्वतःचा राग आला, परबांचा आला, त्या मऊ बोलणाऱ्या पोराचाही आला. राग येऊन उपयोग काय? वेळा सगळ्या जुळल्या. सही केली.

तिला अटक झाली नाही. तेवढं बरं म्हणायचं. चौकीत बोलावून जबाब घेतला. तिने एकदाही नाही म्हटलं नाही. "फोटो खोटे आसत काय, ता आधी सांगा," एवढंच विचारत राहिली, असं हवालदाराने मला सांगितलं. फोटो खोटे आहेत असं कोणीच म्हणत नव्हतं. तिचा मोबाइल तपासासाठी जप्त झाला. अंगणवाडीचं अ‍ॅप त्याच मोबाइलवर. मोबाइल नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर काम नाही. वरच्या ऑफिसने आधी मानधन थांबवलं, मग कारणे दाखवा नोटीस दिली, मग तिच्या जागी ठेकेदाराच्या पुतणीला घेतलं. केस कोर्टात पडून आहे, तारखा मिळतात. पेज बंद झालं. वाळू चालू आहे.

परबांना काही झालं नाही. मुलीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. चुलतभावाला आमंत्रण होतं, तो गेला नाही. वैशालीने चावी पोस्टाने मुंबईला पाठवून दिली. आता वाडीत त्यांच्या घराची चावी घ्यायला कोणी तयार नाही. "ज्याच्या खळ्यात दिवो लावूचो तोच आमका चोर ठरवतलो," असं लोक म्हणतात. हे मला आमच्या लाइनमनने सांगितलं. ऐकून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मागच्या बुधवारी वैशाली कुडाळच्या बाजाराला आली होती, ती ऑफिसात शिरली. हातात भाजीची पिशवी. मला वाटलं, भांडायला आली. यावंच तिने, मी मनाशी तयारच होते.

"नवीन कनेक्शन होया," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

शेठ केबिनमधून अर्धे उठले. मी तिला बसवलं. म्हटलं, "वैशालीताई, आमच्याकडे लॉग राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या परत पत्र आलं तर मला परत द्यावं लागेल. मी नाही म्हणू शकणार नाही."

"म्हणानच तर इलंय. गेल्या खेपेक तुमका किती शोधूचा लागला! सुहासभावजींका उगाच तरास, वाडीक तरास, पोलिसांका फेरे. ह्या खेपेक पयल्याच पानावर माझा नाव गावतला."

"ह्या खेपेक म्हणजे?"

"बांध अजून फुटलेलोच आसा मा?"

"ताई, केस चालू आहे तुमच्यावर."

"नोकरी गेली, फोन गेलो. आता काय नेतले? माका लपूक येणा नाय, ता कळला माका. बरा झाला एकदाचा." आणि मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुमी तुमचा काम केल्यात. तुमच्यार राग नाय. पण तुमी सही केल्यात, ता मी इसराचंय नाय."

मी फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. दुसरं काय करणार?

इतकी वर्षं मी लोकांना एकच शिकवत आले. जे लपवायचं आहे ते इंटरनेटवर करू नका, आणि दुसऱ्याच्या वायफायवर तर मुळीच करू नका. ज्याला लपवायचंच नाही, त्याला काय सांगायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

कनेक्शन दिलं. परबांच्या घराजवळच्या खांबावरून फायबर ओढायला लाइनमनला अर्धा दिवस पुरला. आता तिच्या घरातून रोज तिन्हीसांजेला फेसबुककडे वाट उघडते, आणि तिची नोंद आमच्या मशीनवर इतरांसारखीच आपोआप साठत असते.